दंड, प्रायश्चित्त आणि सनद

मनुष्याने अपराध केला, राजसत्तेने त्याला दंड केला, तो दंड त्याने भोगून संपविला, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी तो एखाद्या धंद्याची सनद मागण्यासाठी दरखास्त घेऊन अधिकाऱ्यापुढे उभा राहिला, तर त्या जुन्या कृत्याचे त्या क्षणी नेमके काय उरलेले असते, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा आणि दप्तराचा वाटतो. परंतु थोडे खोलात शिरले म्हणजे तो कर्माचा, शुद्धीचा आणि अधिकाराचा प्रश्न आहे असे दिसू लागते. कृत्य कर्त्याला किती काळ चिकटून राहते? ते भोगाने गळून पडते, अनुतापाने गळून पडते, की केवळ काळ लोटला म्हणून झिजून जाते? आणि ते आता उरलेले नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? त्या मनुष्याचा स्वतःचा, ज्याचे त्याने नुकसान केले त्याचा, सरकारचा, की परमेश्वराचा? छापील अर्जातील ‘पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय’ या एका रकान्यात हे सगळे प्रश्न दाटीवाटीने बसलेले असतात, आणि तो रकाना तपासणाऱ्या कारकुनाकडून मात्र होय किंवा नाही एवढ्याचीच अपेक्षा असते.

उदाहरणादाखल वकिलीचाच धंदा घेऊ. १९६१ च्या वकील अधिनियमात १९७३ च्या दुरुस्तीने २४-अ हे कलम घालण्यात आले. नैतिक अधःपतन ज्यात अंतर्भूत आहे अशा अपराधाबद्दल ज्याला शिक्षा झाली, अस्पृश्यता पाळल्याबद्दल १९५५ च्या कायद्याखाली जो दोषी ठरला, किंवा तशाच अधःपतनाच्या आरोपावरून जो सरकारी नोकरीतून बडतर्फ झाला, त्याचे नाव वकिलांच्या पटावर घेऊ नये असे ते कलम फर्माविते. पण त्याच कलमाला जोडलेले परंतुक असे की, सुटकेनंतर किंवा बडतर्फीनंतर दोन वर्षे लोटली म्हणजे ही अपात्रता संपते. आणि १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाखाली ज्याला तुरुंगात न धाडता सद्वर्तनाच्या हमीवर सोडले, त्याला तर ती मुळी लागूच होत नाही. नैतिक अधःपतन म्हणजे काय याची व्याख्या अधिनियमात नाही. ती प्रकरणागणिक न्यायालयांनी ठरवीत जावयाची. पुढे २०१६ साली महिपालसिंह राणा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पटावर येऊ पाहणाऱ्याला जी अपात्रता लागू होते ती पटावर आधीच असलेल्यालाही लागू झाली पाहिजे, कारण दाराबाहेर उभ्या असलेल्याला एक नियम आणि घरात बसलेल्याला दुसरा, यात संगती नाही.

या तरतुदीवर दोन्ही बाजूंनी टीका होऊ शकते, आणि होतही असते. एक म्हणतो, ज्याने खून केला त्याला सुटकेनंतर अवघ्या दोन वर्षांत काळा डगला घालून न्यायासनापुढे उभे राहता यावे, ही न्यायदानाची विटंबना आहे. दुसरा म्हणतो, ज्याने न्यायालयाने सांगितलेली सारी मुदत तुरुंगात काढली त्याला आणखी एक दिवसही बाहेर तिष्ठत ठेवणे म्हणजे न्यायाधीशाने न दिलेली शिक्षा कारकुनाने देणे आहे. पहिल्याच्या मते डाग हा डागच. दुसऱ्याच्या मते हिशेब चुकता झाला की खाते बंद. दोघेही आपापल्या परीने निःशंक असतात, आणि दोघांच्याही निःशंकतेच्या मुळाशी एकच गैरसमज असतो असे मला वाटते. दंड आणि अपात्रता या एकाच जातीच्या गोष्टी आहेत, असे दोघेही गृहीत धरतात. भेद एवढाच की, एकाला दंड अपुरा वाटतो आणि दुसऱ्याला पुरेसा.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८९८ साली हाच तिढा आला होता. हॉकर नावाच्या एका वैद्याला १८७८ मध्ये बेकायदेशीर गर्भपाताच्या अपराधाबद्दल शिक्षा झाली होती. ती भोगून तो बाहेर आला. नंतर, १८९० नंतरच्या दशकात, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, अशा गंभीर अपराधाबद्दल ज्याला शिक्षा झाली आहे त्याने वैद्यकी करू नये. आणि जुन्या शिक्षेच्या आधारे हॉकरला वैद्यकी केल्याबद्दल पुन्हा दोषी ठरविण्यात आले. न्यायालयाच्या बहुमताने असे म्हटले की, हा नवा दंड नव्हेच. वैद्याचे शील चांगले असावे अशी अट घालण्याचा राज्याला अधिकार आहे, आणि पूर्वीची शिक्षा हा शील चांगले नसल्याचा पुरावा म्हणून धरण्यास राज्य मोकळे आहे. न्यायमूर्ती हार्लन यांनी यास असहमती दर्शविली. ज्या कृत्याची शिक्षा भोगून झाली त्याच कृत्यासाठी मनुष्याला त्याच्या उपजीविकेपासून तोडणे ही त्यांच्या दृष्टीने वाढीव शिक्षाच होती, आणि हा मनुष्य आज कसा आहे हे दाखविण्याची वाटही त्या कायद्याने ठेवली नव्हती. बहुमताने अपात्रतेला दंडापासून वेगळे काढले, हे तत्त्वतः योग्यच होते. पण वेगळे काढल्यावर तिला जी स्वतंत्र मर्यादा घालावयास हवी होती, ती मात्र घातली नाही. दंडाला मुदत असते. दंड नव्हे असे म्हणून जिची मुदत काढून टाकली ती अपात्रता दंडापेक्षाही दीर्घ होऊन बसली.

आपल्याकडील कर्मविचाराला ही अडचण अपरिचित नाही. केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते नष्ट व्हावे हा ‘कृतनाश’, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडावे हा ‘अकृताभ्यागम’. हे दोन दोष ज्या सिद्धांतात येतील तो सिद्धांत त्याज्य, असा दार्शनिकांचा जुना दंडक आहे. जे कर्म फळ देऊ लागले ते भोगानेच क्षीण होते, ज्ञान्यालाही त्याचा भोग चुकत नाही, असे वेदान्ती मानतात. पण भोग पुरा झाल्यावर त्या कर्माचे काही शिल्लक राहते, असे कोणताही वेदान्ती मानीत नाही. या कसोटीला लावून पाहिले तर गुन्हेगाराला शिक्षाच न होणे हा कृतनाश, आणि शिक्षा भोगून झाल्यावरही तिची झळ आमरण पोहोचत राहणे हा अकृताभ्यागम होय. युक्तिवाद सुबक आहे, पण तो येथे पुरा पडत नाही, आणि का पडत नाही हे नीट पाहिले पाहिजे. कर्मसिद्धांत कर्ता आणि त्याचे फळ या दोहोंपुरता बोलतो. सनदेच्या प्रश्नात तिसरा एक मनुष्य उभा असतो, ज्याने कोणतेच कर्म केलेले नाही: तो अशील, तो रोगी, तो उतारू, जो उद्या या सनदधारकाच्या हाती आपली जमीन, आपले शरीर किंवा आपले मूल सोपविणार आहे. अर्जदाराचा हिशेब चुकता झाला, एवढ्याने त्या तिसऱ्याची निश्चिती होत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. ती या संदर्भात जितकी वाचली जावी तितकी वाचली जात नाही. बाहुदा नदीच्या तीरी दोघांचे वेगवेगळे आश्रम होते. एकदा लिखित थोरल्या भावाच्या आश्रमात गेला असता शंख तेथे नव्हता. लिखिताने तेथील झाडांची पिकलेली फळे तोडून खाल्ली. शंख परत आल्यावर त्याने विचारले, आणि ही न विचारता घेतलेली वस्तू म्हणजे चोरी आहे, तेव्हा राजाकडे जाऊन आपला अपराध सांग आणि दंड माग, असे त्याला सांगितले. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजाची पहिली प्रवृत्ती क्षमेची होती: ज्याला दंड करण्याचा अधिकार आहे त्याला सोडून देण्याचाही आहे, आपण शुद्धकर्मा आहात, दुसरे काही मागावे, असे त्याने सुचविले. लिखिताने दंडाखेरीज काहीही घेण्याचे नाकारले. शेवटी राजाने त्याचे हात तोडविले. तो तसाच भावाकडे परतला. शंखाने त्याला बाहुदेत स्नान करून देव, ऋषी आणि पितर यांचे तर्पण करण्यास सांगितले. आणि तर्पणासाठी तो उद्युक्त झाला तेव्हा त्याचे हात पुन्हा उगवले. आश्चर्यचकित लिखिताने विचारले, तुझ्या तपाचे जर एवढे बळ होते तर तूच मला आधी पवित्र का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की, तुला दंड करणारा मी नव्हे. त्या दंडाने राजाही शुद्ध झाला आणि तूही.

या कथेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ज्याची फळे चोरीस गेली तो शंख भावावर मनातून रागावलेला नाही, तरीही तो दंडाचे काम आपल्याकडे घेत नाही. क्षमा त्याच्या हाती होती, दंड नव्हता. दुसरी, हात परत येतात ते चमत्काराचे बक्षीस म्हणून नव्हे, तर तर्पणाच्या कर्तव्यासाठी. ओंजळीवाचून पितरांना पाणी देता येत नाही, आणि दंडाने शुद्ध झालेल्या मनुष्याला त्याच्या कर्तव्यापासून कायमचे वंचित ठेवणे धर्माला मंजूर नाही. तिसरी गोष्ट कथेच्या बाहेरची आहे, पण तीच सर्वांत बोलकी आहे. शंख-लिखित ही जोडी आपल्या परंपरेत धर्मशास्त्रकार म्हणून मान्यता पावली. त्यांच्या नावाचे धर्मसूत्र निबंधकारांनी प्रमाण म्हणून आधाराला घेतले. आणि पराशरस्मृतीने चार युगांना चार शास्त्रे नेमून देताना द्वापरयुगाला या दोघांचे शास्त्र नेमले. चोरीबद्दल राजदरबारी शिक्षा झालेला मनुष्य एका अख्ख्या युगाचा धर्म सांगण्यास पात्र ठरला, आणि त्याबद्दल कोणा टीकाकाराने नाक मुरडल्याचे माझ्या वाचनात नाही.

स्मृतिकारांचा दंडविचार याच वळणाचा आहे. राजाने ज्यांना दंड केला ते पापी लोक निर्मळ होऊन पुण्यवंतांप्रमाणेच स्वर्गाला जातात, असे मनू म्हणतो. सोने चोरणाऱ्याने केस मोकळे सोडून, खांद्यावर मुसळ घेऊन राजाकडे धावत जावे, आपले कर्म सांगावे आणि शासन मागावे. राजाने त्याला मारले काय किंवा सोडले काय, तो चोरीतून मुक्त झाला, पण राजाने शासनच केले नाही तर चोराचे पाप राजाच्या माथी येते, अशी त्याची व्यवस्था आहे. त्याच स्मृतीत महापातक्यांच्या कपाळी तापल्या लोखंडाने चिन्हे डागण्याचे क्रूर विधानही आहे: चोराला कुत्र्याच्या पायाचे, मद्यपीला मद्यालयाच्या ध्वजाचे. मात्र ज्यांनी यथोक्त प्रायश्चित्त घेतले त्यांच्या कपाळी डाग देऊ नये, त्यांच्याकडून केवळ द्रव्यदंड घ्यावा, असा अपवाद लगेच पुढे सांगितला आहे. वर्ण पाहून दंड कमी-अधिक करणारी ती स्मृती आज आपल्याला प्रमाण होऊ शकत नाही, आणि होऊही नये. पण कपाळावरचा डाग आणि अंतःकरणाची शुद्धी यांचा एकमेकांशी संबंध असला पाहिजे, हे तिने ओळखले होते, आणि ज्याची शुद्धी झाली त्याच्या कपाळी डाग ठेवणे तिलाही अनुचित वाटले होते.

या विषयातील सर्वांत सूक्ष्म विवेचन मात्र विज्ञानेश्वराचे आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या या टीकाकारापुढे प्रश्न असा होता की, अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते हे ठीक. पण जाणूनबुजून केलेल्या पापाला प्रायश्चित्ताचा उपयोग काय? त्याने पापाच्या दोन शक्ती वेगळ्या केल्या. एक नरक उत्पन्न करणारी, दुसरी व्यवहार अडविणारी. बुद्धिपुरस्सर केलेल्या पापाची पहिली शक्ती प्रायश्चित्ताने नाहीशी होत नसली, तरी दुसरी होते. म्हणजे असा मनुष्य परलोकीच्या हिशेबातून सुटला नसला तरी त्याच्याशी जेवणखाण, अध्ययन-अध्यापन, देणे-घेणे करण्यास प्रत्यवाय उरत नाही. ज्या याज्ञवल्क्यवचनावर हे विवेचन आहे तेच इतर काहींनी उलट वाचले आणि असा मनुष्य प्रायश्चित्तानंतरही व्यवहाराला अयोग्यच राहतो असे म्हटले. वाद पाठभेदाचा होता. पण त्या निमित्ताने जो भेद विज्ञानेश्वराने हाती दिला, तो आजच्या सनदेच्या प्रश्नावर नेमका बसतो. मनुष्य आतून निष्पाप झाला आहे काय, हा प्रश्न एक. त्याच्याशी व्यवहार करावा काय, हा प्रश्न दुसरा. पहिल्याचे उत्तर ठाऊक नसतानाही दुसऱ्याचे उत्तर देता येते, नव्हे, द्यावेच लागते.

हा भेद विसरला म्हणजे काय होते, याचे उदाहरण शोधण्यास पुण्याबाहेर जावयास नको. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याच्या आरोपावरून तेथील नामांकित ब्राह्मण मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे बालंट, आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या परस्परविरोधी मतांच्या दोघाही पुरुषांना अखेर प्रायश्चित्ताचा आधार घ्यावा लागला. आपण पाप केले असे त्या दोघांपैकी कोणाला मनातून वाटत होते, असे म्हणणे कठीण आहे. ते प्रायश्चित्त पापासाठी नव्हतेच. श्राद्धाला भटजी मिळावा, लग्नाच्या पंक्तीत पान मांडले जावे, यासाठी होते. विज्ञानेश्वराने जी दुसरी शक्ती म्हटली ती समाजाच्या हाती असते, आणि जेथे पहिली शक्ती मुळीच नाही तेथेही समाज तिचा वापर करू शकतो. सनद देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे प्रकरण मनाशी बाळगावे. कारण व्यवहार अडविण्याची सत्ता ज्याच्या हाती येते त्याला आपण पापाचा निवाडा करीत आहोत असे फार लवकर वाटू लागते.

शिक्षेच्या नोंदीला शीलाचा पुरावा मानण्यातला धोका आपल्या इतिहासाने आणखी दोन प्रकारे दाखविला आहे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेच्या न्यायालयाने राजद्रोहाबद्दल गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इनर टेंपल या संस्थेने त्यांचे नाव आपल्या बॅरिस्टरांच्या पटावरून काढून टाकले. ते पुन्हा घातले १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. येथे शिक्षा होती, पण अधर्म नव्हता. दुसरीकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींच्या कपाळी जन्मतःच डाग दिला. त्यांतील कित्येक कुटुंबे सोलापूरसारख्या ठिकाणी वसाहतींत पहाऱ्याखाली ठेवली गेली, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. येथे डाग होता, पण कृत्यच नव्हते. कायदा गेला, ‘विमुक्त’ हे नाव आले, तरी पोलीस पडताळणीच्या वेळी त्या जमातींच्या मुलांना आडनावावरून दुसऱ्यांदा न्याहाळले जाते, ही तक्रार अद्याप संपलेली नाही. तेव्हा ‘शिक्षा झाली आहे काय’ हा रकाना मनुष्याच्या शीलाबद्दल जेवढे सांगतो, तेवढेच तो त्याला शिक्षा देणाऱ्या राज्याबद्दल आणि काळाबद्दलही सांगतो.

मग कोणी म्हणेल, रकानाच काढून टाकावा. माझे तसे म्हणणे नाही, आणि यासाठी मी बौद्धांच्या विनयाकडे वळतो. अंगुलिमालाची कथा सर्वांना माहीत आहे. बोटांची माळ गळ्यात घालणारा तो दरोडेखोर बुद्धापुढे शस्त्र टाकून भिक्षू झाला, त्याला धरण्यास निघालेल्या प्रसेनजित राजाने त्यालाच चीवर आणि भिक्षा देऊ केली, आणि तो अर्हत्पदाला पोहोचला. त्यानंतरही भिक्षेला निघाल्यावर लोकांनी त्याला ढेकळांनी आणि काठ्यांनी रक्तबंबाळ केले, तेव्हा हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, ते सोस, असे बुद्धाने त्याला सांगितले. ही झाली आंतरिक शुद्धीची कथा. परंतु विनयपिटकाच्या महावग्गात तीच घटना दुसऱ्या बाजूने आली आहे: चीवरातला अंगुलिमाल पाहून लोक भ्याले, पळाले, कुरकुरू लागले, आणि बुद्धाने नियम केला की, कुप्रसिद्ध दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये. त्याच प्रकरणात तुरुंग फोडून पळालेला, फटक्यांची शिक्षा झालेला, अंगावर डाग दिलेला, कर्ज बुडवून आलेला अशांनाही संघात घेण्याची मनाई आली. अंगुलिमालाला मात्र संघाबाहेर काढले नाही. ज्याने अंगुलिमालाला तारले त्यानेच हा नियम घालावा यात मला विसंगती दिसत नाही. निर्वाण अंगुलिमालाचे स्वतःचे होते; चीवर मात्र त्याचे एकट्याचे नव्हते. ते पाहून दारातली गृहिणी निःशंकपणे भात वाढते, तो विश्वास सर्व संघाचा होता, आणि तो राखण्याची जबाबदारी संघाला टाळता येत नव्हती.

वकिलाची सनद ही त्या चीवराच्या जातीची वस्तू आहे. ती मनुष्याला दिलेले सद्गुणाचे प्रशस्तिपत्र नव्हे. अनोळखी माणसाला दिलेले ते आश्वासन आहे की, या व्यक्तीवर तू विश्वास टाकलास तर तो वाया जाणार नाही. म्हणूनच सनद देणाऱ्या परिषदेला भक्तिमार्गाचे औदार्य दाखविता येत नाही. अत्यंत दुराचारी मनुष्यही निश्चयपूर्वक वळला तर त्याला साधूच समजावे, असे गीता सांगते, आणि वाल्या कोळ्याच्या कथेवर वाढलेल्या मराठी मनाला ते पटते. परंतु परमेश्वर क्षमा करतो ती स्वतःच्या खात्यातून, आणि परिषद क्षमा करील ती अशिलाच्या. दुसऱ्याच्या ठेवीवर उदार होणाऱ्या विश्वस्ताला कोणी दाता म्हणत नाही. उलट, याच कारणाने परिषदेला दंड देण्याचाही अधिकार नाही. अशिलाच्या रक्षणाला जेवढे आवश्यक तेवढेच तिने विचारावे; त्यापलीकडे अर्जदाराच्या पापाची खोली मोजणे हे तिचे काम नव्हे, आणि ‘नैतिक अधःपतन’ या अथांग शब्दाने तिच्यापुढे नेमके तेच काम टाकले आहे.

आवश्यक तेवढे म्हणजे किती, याचेही एक माप जुन्या शास्त्रात सापडते. शुद्धी न झालेल्या पाप्याशी व्यवहार करू नये, पण ज्याची शुद्धी झाली त्याची निंदा कधीही करू नये, असे सांगून मनू लगेच चार अपवाद काढतो: बालकाची हत्या करणारा, कृतघ्न, शरण आलेल्याला मारणारा आणि स्त्रीची हत्या करणारा, हे धर्मतः शुद्ध झाले तरी त्यांच्या सहवासात राहू नये. ब्रह्महत्या आणि सुवर्णचोरी यांसारखी महापातके या यादीत नाहीत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. म्हणजे यादी पापाच्या मोठेपणावरून केलेली नाही. तिच्यात जे आले त्या सर्वांनी दुबळ्याचा, उपकारकर्त्याचा किंवा आश्रयाला आलेल्याचा घात केला आहे. ज्याने अशा नात्याचा भंग केला त्याच्या हाती तेच नाते पुन्हा सोपविताना समाजाने अधिक काळ थांबावे, हा या अपवादातला विवेक आहे, आणि सनदेच्या बाबतीत तोच खरा निकष ठरावा. एकोणिसाव्या वर्षी मारामारीत सापडलेल्या तरुणाच्या वकिलीशी त्या मारामारीचा काही संबंध पोहोचत नाही. ज्याने मृत मित्राच्या विधवेची ठेव गिळंकृत केली त्याचा अपराध दंडसंहितेच्या मापाने कदाचित लहान भरेल, पण अशिलाचे पैसे ज्याच्या हाती राहणार त्या धंद्याशी त्याचा संबंध थेट आहे. दोघांनाही एकाच कलमाने, एकाच दोन वर्षांनी मोजणे म्हणजे पहिल्यावर अन्याय आणि दुसऱ्याच्या भावी अशिलावर अन्याय. रिक्षाचा बिल्ला मागणाऱ्या मनुष्याबद्दल पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागविताना हाच निकष लावावा: उतारूच्या जिवाशी, अब्रूशी किंवा सामानाशी त्या जुन्या कृत्याचा काही संबंध आहे काय? नसेल तर त्या मनुष्याच्या पोटावर पाय आणण्याचे कारण उरत नाही.

अर्जदाराकडूनही एक गोष्ट मागता येईल, आणि ती म्हणजे खरे सांगणे. आपले पाप स्वमुखाने सांगणे हे अनुताप, तप आणि दान यांच्या बरोबरीने पापमोचनाचे साधन स्मृतींनी मानले आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रकरणाची माहिती नोकरीच्या अर्जात दडविल्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंह प्रकरणात जो मार्ग आखला, तोही याच दिशेचा आहे: माहिती खरी द्यावी, पण दडविलेली गोष्ट क्षुल्लक आणि कोवळ्या वयातली असेल तर मालकाने सरसकट दार लावू नये. परंतु खरे बोलण्याचा आग्रह धरणाऱ्यावर उलट बंधन असे येते की, खरे बोलणाऱ्याची गत लपविणाऱ्यापेक्षा वाईट होता कामा नये. मुसळ खांद्यावर घेऊन आलेल्या चोराला राजाने दंड करावा किंवा सोडावे. त्याला दरवाजाबाहेर आयुष्यभर तसेच उभे करून ठेवण्याची मुभा मनूने राजाला दिलेली नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो प्रारंभी विचारलेल्या अधिकाराचा: झाले गेले संपले, हे सांगावयाचे कोणी? प्राचीनांनी ज्या गंभीरपणे मनुष्याला जातीबाहेर टाकले, त्याच गंभीरपणे त्याला परत घेण्याचा विधी सांगितला. पतिताच्या नावाने दासीने पाण्याचा घट पायाने लवंडावा, आणि त्याने प्रायश्चित्त घेतल्यावर त्याच नातलगांनी त्याच्यासह पवित्र डोहात स्नान करून नवा भरलेला घट पाण्यात सोडावा. त्यानंतर त्याने ज्ञातीची सर्व कर्मे पूर्ववत करावी. गाईंच्या गोठ्यात राहून प्रायश्चित्त करून, उपवासांनी कृश होऊन परतलेल्याला, तुला आमच्या बरोबरीचे व्हावयाचे आहे काय, असे विचारावे, आणि त्याने सत्याची ग्वाही दिल्यावर त्याचा स्वीकार करावा. त्या विधींतले जातीचे विष बाजूला सारले, तरी त्यांची रचना अभ्यास करण्यासारखी आहे: जितके बहिष्करण उघड तितकेच स्वीकरणही उघड. आपल्या व्यवस्थेत शिक्षा भर न्यायालयात, सर्वांसमक्ष वाचून दाखविली जाते. अपात्रता मात्र दोन वर्षांनी कोणाच्याही तोंडून एक शब्द न निघता संपते, आणि म्हणूनच ती लोकांच्या मनात कधीच संपत नाही. इंग्लंडने १९७४ च्या कायद्याने काही मुदतीनंतर जुनी शिक्षा ‘झालीच नाही’ असे धरण्याची सोय केली, पण वकील, वैद्य अशा धंद्यांना त्यातून पुढल्याच वर्षी वगळले. आपल्याकडे अल्पवयीनांसंबंधी २०१५ च्या कायद्यात अपात्रता पुसण्याची आणि नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. प्रौढाला तशी सर्वसाधारण तरतूद नाही.

नोंद पुसावी की ठेवावी, हा वाद मला दुय्यम वाटतो. झालेली गोष्ट झाली नाही असे लिहून ठेवणे हे सत्याला धरून नाही, आणि लिखिताची चोरी महाभारताने झाकून ठेवली नाही म्हणून त्याचे शास्त्र कमी प्रमाण ठरले नाही. अधिक महत्त्वाचे हे की, सनद देणाऱ्या परिषदेने मुदत भरली एवढ्यावर न थांबता अर्जदाराला समोर बोलवावे, त्याचे ऐकावे, त्या कृत्याचा या धंद्याच्या विश्वासाशी संबंध आहे की नाही ते ठरवावे, आणि सनद द्यावयाची ठरली तर सकारण फैसला लिहून द्यावा की, या मनुष्याशी व्यवहार करण्यास आता कोणताही प्रत्यवाय नाही. त्याचे पाप गेले असे म्हणण्याचा अधिकार परिषदेला नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. पण व्यवहार मोकळा झाला असे म्हणणे हे तिचे कर्तव्य आहे, आणि ते ती मौनाने पार पाडू शकत नाही. ज्या राज्याने भर न्यायालयात एखाद्याला दोषी म्हटले, त्या राज्याच्या कोणत्या तरी अधिकाऱ्याने तितक्याच स्पष्ट शब्दांत त्याला परत घेतले पाहिजे. कारण परत घेणे हे ज्याला जमत नाही किंवा आपले काम वाटत नाही, त्याच्या हाती दंडाचा अधिकार सोपविणे हेच मुळात धोक्याचे आहे.